घरटी एक मत

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीत, मठाच्या गल्लीत, मत देण्याची एक रीत आहे, आणि त्या रीतीचा गल्लीला भारी अभिमान आहे. गल्ली आपल्या मराठी माणसांची. भोसल्यांच्या राज्यात कुणी कारकून म्हणून, कुणी पुराणिक म्हणून इकडे आलेली ही घरं. आता त्यांच्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ऑडिटर आहेत, कॉलेजात शिकवणारे आहेत, एकाचं तिरुनागेश्वरम्‌ला देवळासमोर फोटो स्टुडिओचं दुकान आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, तीही अशी जुनी की पुण्याचा पाहुणा ऐकून तोंडावर हात धरतो. गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचा मठ, मठाची सभा, आणि त्या सभेचे चिटणीस स्वामीनाथराव.

रीत अशी. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मठात भजन होतं. आरती झाली की स्वामीनाथराव प्रसादाचं तबक घेऊन घरोघर निघतात. प्रत्येकाच्या हातावर साखर आणि केळ्याचा काप ठेवतात आणि कानाशी वाकून एक नाव सांगतात. घरातल्या कर्त्या पुरुषाचं मत राज्यावर बसलेल्या पक्षाला. त्याच्या बायकोचं मत, ज्यांचं राज्य गेलं त्यांना. मुलाचं मत, ज्यांचं राज्य पुढेमागे येईल असं वाटतं त्यांना. सून असली तर तिचं मत उरेल त्याला. असं केलं की कुणीही निवडून येवो, त्याच्यापुढे हात जोडून सांगता येतं की साहेब, आमच्या घराघरातून तुम्हांला मत पडलं आहे. आणि हे सांगताना खोटं बोलल्याचं पापही लागत नाही. स्वामीनाथरावांच्या वडिलांनी ही युक्ती काढली. लिहायचं काही नाही, बोलायचं कुजबुजून, आणि तेही मराठीत, म्हणजे बाहेरच्याला पत्ता लागत नाही. मोठे मुत्सद्दी लोक.

गोमती ही स्वामीनाथरावांची बायको. सुंदरपेरुमाळ कोयिल गावची मुलगी, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेली. लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून तिनंही हातावर साखर घेतली आणि सांगितलेल्या चिन्हापुढचं बटण दाबलं. लोक घरातल्या घरात कुळाचार पाळतात तसं ते पाळलं, त्यात विचार करण्यासारखं काही असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग नळाचं पाणी बिघडलं. आधी नुसता वास यायचा. मग पाण्यात काळ्या धाग्यांसारखं काहीतरी तरंगायला लागलं. बायकांनी नळाच्या तोंडाला धोतराच्या चिंध्या बांधल्या, सकाळी त्या सोडल्या की हाताला बुळबुळीत लागायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बोटांचा वास जायचा नाही. गटाराची नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी रस्त्याखाली एकमेकींना चिकटून गेलेल्या, दोन्ही जुन्या, दोन्ही फुटलेल्या. सगळ्या गल्लीला हे कळत होतं. गल्लीनं काय केलं, तर सभेनं एक ठराव केला आणि पाण्याचे मोठे कॅन विकत घ्यायला सुरुवात केली.

गोमतीची नात कीर्ति सहा वर्षांची. तिनं दात घासताना नळाचं पाणी गिळलं असेल, नाहीतर काय, पण एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. पोरगी इस्पितळात पडून होती तेव्हा तिच्या अंगाला येणारा तो औषधाचा आणि ओकारीचा आंबट वास गोमतीच्या साडीत बसला. घरी येऊन तिनं ती साडी दोनदा धुतली. तिसऱ्यांदा धुताना तिच्या लक्षात आलं की आपण ती त्याच पाण्यात धुतो आहोत, आणि तिनं साडी तशीच मोरीत टाकून दिली.

कीर्तीची आई पवित्रा, गोमतीची सून. नवरा रविशंकर दुबईला, म्हणून ती मुलीसह सासरी राहत होती आणि मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. तिनं नळाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं, तपासलं आणि त्यात काय निघालं ते घरी येऊन सरळ शब्दांत सांगितलं. जेवायला बसलेल्या स्वामीनाथरावांनी पानावरून हात उचलला.

"जेवतांना असलें बोलूं नये, अम्मा," ते सुनेला म्हणाले.

"मामा, पितां येतें, बोलतां येत नाहीं?" पवित्रा म्हणाली.

ती कचेऱ्यांत गेली, तिथून हात हलवत परत आली. कुठेही गेली तरी पहिला प्रश्न एकच, तुमचा नगरसेवक काय म्हणतो. नगरसेवक काहीच म्हणत नव्हता, तो या गल्लीत फक्त सत्काराला येत असे. तेवढ्यात निवडणूक लागली, आणि पवित्रानं अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं बादली. तिचं मागणं एकच होतं, दोन्ही नळ्या उपसून वेगळ्या करायच्या आणि नव्या टाकायच्या.

गोमतीला आधी धडकी भरली, मग एकदम हुरूप आला. आपल्या घरातली, आपल्या मठातली मुलगी उभी राहते आहे. प्रभागात तमिळ गल्ल्या बऱ्याच, पण मठाची गल्ली एकगठ्ठा मागे उभी राहिली तर हे जमण्यासारखं होतं. तिनं नवऱ्याला सरळ विचारलं.

"ह्या वेळीं तें वांटणें नाहीं ना? अपली सून आहे."

"अगे, मी सभेंत सांगतों की," स्वामीनाथराव म्हणाले. "अपली सून म्हटल्यावर मग विचारायचें काय?"

आणि सांगितलंही. एकादशीच्या भजनानंतर ते मठात उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "पवित्रा अमची सून. तिला ह्या सभेचा अनुग्रह आहे. कुणीं तिला विसरायचें नाहीं." सगळ्यांनी टाळ वाजवले. शेजारच्या म्हाताऱ्या सुंदररावांनी तर पवित्राच्या डोक्यावर हात ठेवला. गोमतीचे डोळे भरून आले, आणि ते तिनं पदरानं उघड पुसले, लपवले नाहीत.

मग दोघी सासू-सुना उन्हातान्हात हिंडल्या. मठाच्या गल्लीत प्रचाराची गरजच नव्हती, तिथं प्रत्येक घरी फक्त पाणी पिऊन निघायचं, तेही कॅनचं. खरी पायपीट बाहेर. पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत पाण्याची तीच दशा होती. तिथली एक बाई, कोपरापर्यंत हात काळे झालेली, हातोडा खाली न ठेवताच बोलली. या गल्लीत दरवेळी एका पक्षाला मतं जातात, ती म्हणाली, आमचे बाप त्या पक्षाचे, आम्ही त्या पक्षाचे. पण माझ्या सुनेलाही यंदा कावीळ झाली. मी माझ्या नवऱ्याशी भांडेन आणि बादलीला घालीन. गोमतीनं तिच्या अंगणात बसून ताक घेतलं. परत येताना तिला वाटलं, हे लोक आपल्यासाठी घरात भांडणार आहेत. तिला अभिमानही वाटला, कारण आपल्या गल्लीत भांडायचीसुद्धा गरज नाही असं ती समजत होती.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी भजन झालं. स्वामीनाथराव तबक घेऊन बाहेर पडले. गोमतीनं विचारलं, आता हे कशाला? ते म्हणाले, प्रसाद तर द्यायला हवा, आणि बादलीची आठवण करून देतो. घरी परतल्यावर त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली, पण या खेपेला कानात काही सांगितलं नाही. नुसते हसले. ती निर्धास्त झोपली.

निकाल लागला. पवित्रा तेवीस मतांनी पडली. राज्यावरच्या पक्षाचा कदिरेशन निवडून आला. हा सिमेंट-वाळूचा व्यापारी, गोलमटोल, गोड बोलणारा. भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीतून बादलीला चांगली घसघशीत मतं पडली होती. ती बाई खरोखरच भांडली असणार. पवित्रा घरी आली, पाय धुतले, मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "थोडक्यांत गेलें, अम्मा. पुढच्या खेपेला पाहूं." तिनं एवढ्या शांतपणे घेतलं की गोमतीला रडायलाही जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची पंकजा आली. पंकजा म्हणजे साधं माणूस, सुंदररावांची धाकटी भावजय, कुणाचं वाईट तिच्या मनात येत नाही. सांत्वनाला येताना तिनं केसरी, म्हणजे केशरी शिरा, करून आणली होती. केसरीवर तूप ओघळत होतं.

"वाईट वाटूं देऊं नको गे गोमती," ती म्हणाली. "अमच्या घरचें तरी तुला बरोबर पडलें. सेतूची बायको बादलीलाच घातली. मी तिला दोनदां सांगितलें, चुकूं नको म्हणून."

सेतू हा पंकजाचा मुलगा. गोमती म्हणाली, "सेतूची बायको घातली. अनीं तूं?"

"मी?" पंकजाला प्रश्नच कळेना. "मी नेहमींसारखें. विरोधी पक्षाला. बायकोचें तेंच की. सेतू तिसऱ्याला घातला, अमचे हे कदिरेशनला. ह्या वेळीं उरेल तें तुझ्या सुनेला म्हणून तुझेच हे सांगून गेले. सुनांचें सगळें तिला." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती जरा समजावणीच्या सुरात म्हणाली, "ज्या घरीं सून नाहीं त्यांनीं काय करायचें, तें मात्र कुणीं सांगितलें नाहीं."

गोमतीनं केसरीची वाटी खाली ठेवली. तिच्या तोंडात तुपाचा चिकट गोडवा राहिला होता. पंकजा बोलत राहिली, तिच्या घरी गव्हाची पोती यायची होती, सून माहेरी जायची होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, माया होती, आणि आपण काही चूक केली आहे याचा मागमूसही नव्हता. हिनं मनापासून मदत केली होती. आपल्या वाट्याचा शेर बरोबर मोजून दिला होता, वर केसरी आणली होती. गोमतीला वाटलं हिच्यावर ओरडावं. ओरडण्यासारखं पंकजाच्या तोंडावर काही सापडेना.

ती गेल्यावर गोमती मोरीत जाऊन चूळ भरून आली. मग गल्लीतून एक फेरी मारली. काही विचारायची गरज पडली नाही, तिनं नुसतं "आभारी आहे" म्हटलं की लोक आपण होऊन सांगत. ऑडिटर चंद्रमौली, इंग्रजी पेपर वाचणारा, प्रत्येक निवडणुकीला देशाचं काय होणार यावर तासभर बोलणारा, त्यानं दारातच सांगितलं की आमच्या घरून एक नक्की पडलं आहे, तुम्ही शंका घेऊ नका. फोटो स्टुडिओवाला व्यंकोबा म्हणाला, सुनेला मी स्वतः बूथपर्यंत नेऊन मत घालायला लावलं. सगळे एकमेकांसारखेच खूश. सगळ्यांच्या घराच्या दाराशी तेच पाण्याचे निळे कॅन, आणि दारासमोरच्या गटाराला तीच हिरवी साय. अर्ध्या गल्लीनं जरी एकेक मत जास्त टाकलं असतं तरी पवित्रा आज नगरसेवक असती. यांना ती नको होती असंही नाही. नको असती तर गोमतीला राग आला असता, आणि राग धुवून काढता येतो. यांना ती हवी होती, पण इतरांच्या बरोबरीनं, एका वाटीएवढी.

ती घरी आली तेव्हा स्वामीनाथराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"तुमचें मत कुणाला पडलें?" तिनं विचारलं.

त्यांनी पेपर खाली केला. लपवलं नाही, हे खरं. "राज्याला," ते म्हणाले. "कर्त्याचें राज्यालाच की. अपल्याच घरीं नेम मोडला तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानें सांगूं?"

"पवित्रा तुमची सून आहे."

"म्हणूनच तिला सगळ्या सुनांचें दिलों. कुणा अपक्षाला एवढें कधीं दिलें नाहीं. सगळ्यांएवढें दिलें, कमी नाहीं." मग त्यांचा आवाज उतरला आणि ते खरंच समजावू लागले. "अगे, अम्ही किती आहों? मूठभर. सगळीं तिला घालतों, आणि ती हरती, तर? कदिरेशन पांच वरुषें हें विसरतो? कोण कुठल्या बाजूचा म्हणून घरावर खडूनें खुणा करायचे ते दिवस माझा बाप बघितला आहे. तेव्हां अपल्या गल्लीवर खूण पडली नाहीं. कां? हेंच."

गोमती त्यांच्याकडे पाहत राहिली. या माणसानं नातीच्या उशाशी बसून रात्र रात्र पंख्यानं वारा घातला होता. हाच माणूस त्यानंतर काही महिन्यांतच बूथमध्ये जाऊन ज्या नगरसेवकाच्या राज्यात ते पाणी प्यालो त्याच्या पक्षापुढचं बटण दाबून आला, आणि बाहेर येऊन शाई लागलेलं बोट सुनेला दाखवून हसला. तिला त्यांची भीती समजत होती. भीती समजत होती म्हणूनच तिला जास्त शिसारी आली. एवढी वर्षं त्या भीतीला हे लोक शहाणपण म्हणत होते, आणि तिनंही म्हटलं होतं.

"पवित्राला सांगितलेत?" तिनं विचारलं.

"तिला सांगायचें काय? ती शिकलेली आहे. समजेल."

गोमतीनंच सांगितलं. पवित्रानं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर आता मात्र काहीतरी मोडलं. "मामासुद्धां?" एवढंच तिनं विचारलं, आणि मान हलवून ती मुलीची वह्या-पुस्तकं आवरायला लागली. त्या दिवसापासून ती सासऱ्याला जेवायला वाढायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही. आणि स्वामीनाथरावांना ते लक्षात यायला दोन दिवस लागले.

आठवडा उलटायच्या आत मठात कदिरेशनचा सत्कार ठरला. जिंकलेल्याला शाल, हरलेल्यांनाही शाल, कारण गल्लीचा कुणाशीच वैरभाव नाही. पवित्रासाठीही एक शाल आणून ठेवली होती. तिनं सांगितलं, मी येणार नाही. गोमतीही जाणार नव्हती, पण सत्काराचं जेवण म्हटलं की सांबार आणि डांगर पच्चडी तिच्याच हातची लागे. स्वामीनाथरावांनी विनवण्या केल्या, माझी लाज राख म्हणाले. लाज हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून तिला हसू आलं. ती गेली. मठाच्या स्वयंपाकघरात कॅनच्या पाण्यात तिनं उडदाचं पीठ भिजवलं, दही घोटलं, फोडणी दिली. बाहेर सभेच्या पुढाऱ्यांची गडबड चालली होती, आणि त्यात सर्वांत पुढे चंद्रमौली, हातात हार.

कदिरेशन आला. त्याला खुर्चीवर बसवलं, पंखा त्याच्याकडे वळवला, शाल पांघरली. सुंदररावांनी त्याच्या कपाळाला गंध लावलं. स्वामीनाथराव तमिळमध्ये बोलले. बोलणं तेच, दर पाच वर्षांनी असतं ते. तुमच्या पक्षाचं आणि आमच्या समाजाचं नातं जुनं आहे, आणि या मठासमोर सांगतो, आमच्या एकेका घरातून तुम्हांला मत पडलं आहे. टाळ्या पडल्या. कदिरेशननं नम्रपणे हात जोडले. पाण्याचा विषय कुणी काढला नाही. सत्काराच्या दिवशी मागणं मागू नये असा सभेचा संकेत आहे.

मग पानं मांडली. गोमती पच्चडीचं पातेलं घेऊन बाहेर आली. कदिरेशनच्या पानापाशी पोचल्यावर ती थांबली. तिनं वाढलं नाही.

"अण्णा, एकेका घरातून एक," ती तमिळमध्ये म्हणाली. आवाज चढवला नाही, पण टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाईचा आवाज तो, शेवटच्या पानापर्यंत गेला. "घरटी एकच मत तुम्हांला. दुसरं तुमच्या विरोधकांना, तिसरं तिसऱ्यांना. माझ्या सुनेला चौथं. आदल्या दिवशी प्रसादाबरोबर वाटून देतात. तुमच्या आधी जो निवडून आला त्यालाही याच खुर्चीवर बसवून हेच सांगितलं होतं. तुम्ही पडला असता तर आज तुमच्या जागी दुसरा जेवत असता आणि तुम्हांला कोपऱ्यातली शाल मिळाली असती."

चंद्रमौलीनं मान खाली घातली. स्वामीनाथराव मराठीत म्हणाले, "गोमती, पुरे. आंत जा." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. जन्मात प्रथमच गल्लीचं गुपित तमिळमध्ये बोललं गेलं होतं, आणि सगळी गल्ली जीव मुठीत धरून त्या गोलमटोल माणसाच्या तोंडाकडे पाहत होती.

कदिरेशननं घास खाली ठेवला आणि तो हसला. टोचून नाही, घरच्यासारखा.

"अम्मा, हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "माझे वडील पार्टीचं काम करायचे तेव्हापासून ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. दर निवडणुकीला तुमच्या बूथवर सगळ्या पक्षांची मतं सारखी निघतात, पाचदहा इकडे नाहीतर तिकडे. सारखी मतं म्हणजे आमच्या हिशेबात शून्य. आमच्या ऑफिसात या गल्लीला तराजू म्हणतात. विरोधकांच्या ऑफिसातही तेच म्हणतात."

त्यानं हात पुसले आणि पुढचं अगदी समजुतीनं सांगितलं, कुणी मुलाला गणित सांगावं तसं.

"भांडीवाल्यांच्या गल्लीची मला काळजी आहे. ती मतं यंदा माझ्या हातून गेली, तुमच्या सुनेकडे गेली. तिथली नळी मी याच महिन्यात उपसणार, नाहीतर पुढच्या वेळी मी संपलो. पण इथं? इथली नळी बदलली तरी मला घरटी एक, नाही बदलली तरी घरटी एक. तुम्हीच सांगा, अम्मा, इथं कशाला कुणी खणेल? इथं आम्ही जेवायला येतो. जेवण फार चांगलं असतं."

असं म्हणून त्यानं पानाकडे बोट केलं. "पच्चडी वाढा ना."

गोमतीनं वाढलं नाही. तिनं वर पाहिलं. तिला वाटलं होतं आता या चेहऱ्यांवर काहीतरी दिसेल. अर्धशतक आपण ज्याला मुत्सद्दीपणा समजलो त्यावर लोक ऑफिसात बसून हसत होते, आणि त्यापायी आपली पोरं घाण प्यायली, हे भर मठात, विठ्ठलासमोर, तोंडावर सांगितलं गेलं होतं. चेहऱ्यांवर दिसलं ते इतकंच की कदिरेशन हसला तसे हळूहळू तेही हसायला लागले. आधी व्यंकोबा, मग चंद्रमौली. कुणीतरी "तराजू" असा शब्द पुन्हा उच्चारला, गंमत वाटावी तसा. सुंदररावांनी सांबार मागितलं. पानांवर हात पुन्हा चालू झाले, भाताचे घास वळले जाऊ लागले, आणि भुरके मारल्याचे आवाज यायला लागले.

ती वळली आणि पातेलं हातात तसंच धरून दाराकडे चालू लागली. मागून कुणीतरी लगबगीनं येत होतं. पावलं तिच्या ओळखीची होती. ती उंबऱ्यापाशी थांबली. काहीही झालं तरी हा कीर्तीचा आजा आहे, आणि कदिरेशनचं बोलणं त्यानंही आत्ता ऐकलं आहे. एक शब्द तरी तो बोलेल, निदान मान तरी खाली घालेल, असं तिला वाटलं, आणि ती त्यासाठी थांबली.

स्वामीनाथराव धापा टाकत जवळ आले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्याला पुन्हा रंग चढला होता. त्यांनी तिच्या हातातलं पातेलं घेतलं, आत एकदा वळून पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"पाहिलीस ना," ते कुजबुजले. "साहेब रागावले नाहींत."